फेसबुकचा रंग उडालाय का? आपापल्या अकाउंटवर कसं तपासायचं आणि मग काय आवरायचं

"फेसबुकवर आता काही राम राहिला नाही" हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय, आणि म्हणणारे खोटं बोलतात असंही नाही, पण नक्की काय गेलं असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी म्हणतं पूर्वीसारखं लिहिणारे राहिले नाहीत, कुणी म्हणतं नुसत्या रील्स दिसतात, कुणाला राजकारणाचा वैताग आलाय, आणि कॉलेजातली भाची सरळ म्हणते "मावशी, ते तुम्हा लोकांचं अ‍ॅप आहे". सगळेच आपापल्या जागी बरोबर.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. साइट मरत वगैरे नाहीये, लोक सोडून गेलेत असंही फारसं नाही, लोक आहेत तिथेच आहेत पण बोलायचे थांबलेत. वाडा तोच, नावाच्या पाट्याही त्याच, पण ओट्यावर गप्पा मारायला कुणी बसत नाही आणि दिवसभर फेरीवाले तेवढे फिरतायत. आता हे तुमच्याही अकाउंटवर झालंय का, किती झालंय, हे बातम्या वाचून कळणार नाही, ते स्वतःच मोजावं लागतं, आणि मोजायला एक निवांत दुपार पुरते. खाली तेच सांगतेय, मोजायचं कसं, दुरुस्त होत असेल तर करायचं कसं, आणि नसेल होत तर आपलं सामान घेऊन निघायचं कसं.

आधी आकडे, कारण फॉरवर्ड तुमच्याकडेही येत असतील

फेब्रुवारी २०२२ मध्ये "फेसबुक बुडालं" छापाच्या बातम्या आल्या होत्या आठवतंय का, त्याला खरंच कारण होतं. २०२१ च्या शेवटच्या तिमाहीत रोज फेसबुक उघडणाऱ्यांचा आकडा १९३ कोटींवरून १९२ कोटी ९० लाखांवर आला, म्हणजे घट अगदी किरकोळ, पण कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच आलेली, त्यामुळे मेटाचा, म्हणजे फेसबुक चालवणाऱ्या कंपनीचा, शेअर एका दिवसात २६ टक्क्यांनी आपटला. गंमत म्हणजे त्या वेळी कंपनीने जी कारणं दिली त्यात भारताचंही नाव होतं, इथले डेटा पॅक महागले म्हणून वाढ अडली असं त्यांचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं होतं कारण २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे एअरटेल, व्होडाफोन-आयडिया, जिओ सगळ्यांनीच रिचार्ज वाढवले होते.

पण पुढे काय झालं हे फॉरवर्डमध्ये नसतं. २०२२ संपता संपता तो रोजचा आकडा २०० कोटींवर गेला, २०२३ च्या शेवटी महिन्यातून एकदा तरी येणारे ३०० कोटींच्या वर होते, आणि मग २०२४ च्या सुरुवातीपासून कंपनीने फेसबुकचा वेगळा आकडा सांगणंच बंद केलं. आता जो आकडा येतो तो फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, मेसेंजर सगळं मिळून, यातलं काहीही उघडलं तरी तुम्ही त्यात मोजले जाता, मग फेसबुक तुम्ही वर्षभर बघितलं नसलं तरी सकाळचा गुड मॉर्निंग मेसेज बघितल्यामुळे तुम्ही त्यात आहातच. म्हणून कुणी छाती ठोकून "घसरतंय" किंवा "वाढतंय" सांगत असेल तर कुठला आकडा, कधीचा, एवढं विचारा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

पोरं इथे फारशी नाहीत हे मात्र खरं आहे. प्यू रिसर्च सेंटर ही सर्वेक्षणं करणारी संस्था अमेरिकेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलांना विचारत असतं, २०१४-१५ मध्ये त्यातली ७१ टक्के फेसबुक वापरायची, २०२२ मध्ये ३२ टक्के, आणि त्यानंतर साधारण तिथेच. आपल्याकडची गोष्ट जरा वेगळी आहे, फेसबुकचे सगळ्यात जास्त लोक भारतातच आहेत, पण रॉयटर्सने २०२२ मध्ये कंपनीच्याच अंतर्गत अभ्यासाच्या आधारे बातमी दिली होती की इथल्या युजर्समध्ये जवळपास ७५ टक्के पुरुष आहेत आणि बायका येत नाहीत किंवा टिकत नाहीत, कारणं सुरक्षितता, नको त्या लोकांचे मेसेज, घरच्यांचा विरोध आणि फीडमधला उघडावाघडा मसाला. बायकांना हे वाचून नवल वाटणार नाही, अनोळखी "हाय डियर" चा मेसेज बॉक्स कुणी बघितला नाहीये? प्रोफाइल लॉक करायची सोय २०२० मध्ये भारतासाठी आली ती याच काळजीतून.

आणि आता सगळ्यात कामाचा आकडा. अमेरिकेत मेटावर मक्तेदारीचा खटला चालला, त्यात २०२५ मध्ये कंपनीनेच कोर्टापुढे मांडलं की लोक फेसबुकवर जो वेळ घालवतात त्यातला मित्रांच्या पोस्ट बघण्याचा वाटा दोन वर्षांत २२ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलाय, इन्स्टाग्रामवर तर ११ वरून ७ वर. म्हणजे ज्या कामासाठी आपण सगळे तिथे गेलो ते काम आता तिथल्या वेळाच्या पाचव्या हिश्शाएवढंही उरलेलं नाही, आणि हे बाहेरच्या टीकाकाराने नाही, कंपनीने स्वतःच्या बचावात सांगितलंय. हा १७ चा आकडा लक्षात ठेवा, तुमचा आकडा आपण याच्याशी ताडून बघणार आहोत.

मोजायचं कसं

कागद घ्या, चार रकाने पाडा. फोनवर फेसबुक उघडा, होमवर जा आणि वरपासून ५० पोस्ट मोजा, एकही न वगळता, रील्सची पट्टी आली तर ती एक धरा. पहिला रकाना ओळखीच्या माणसाने स्वतः लिहिलेलं किंवा स्वतः काढलेला फोटो. दुसरा ओळखीच्याच माणसाने ढकललेलं, म्हणजे शेअर, बॅनर, सुविचार, "जिल्ह्याध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल अभिनंदन". तिसरा तुम्ही स्वतःहून जॉइन झालेल्या ग्रुपमधलं किंवा फॉलो केलेल्या पेजचं. चौथा बाकी सगळं, जाहिराती, सजेस्टेड, कुणाच्या तरी शेतात साप निघाला त्याचा व्हिडिओ. प्रामाणिकपणे मोजा, आवडलेला सापाचा व्हिडिओ पहिल्या रकान्यात घालायचा नाही. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज दुप्पट केली की तुमचा टक्का निघतो, तो मघाच्या १७ शी ताडून बघा, तो आकडा वेळाचा आहे आणि हा पोस्टचा, तेव्हा ढोबळ अंदाजच धरा. आणि मधेच थांबून एखादी रील पूर्ण बघू नका, कारण तुम्ही थांबलात की पुढचं फीड त्याच दिशेने वळतं, मोजमाप बिघडतं.

मग हेच दुसऱ्यांदा करा पण वेगळ्या जागी. मेनूत जाऊन "फीड्स" नावाचं बटण शोधा, ते २०२२ मध्ये आलं आणि बहुतेकांनी कधी दाबलेलंच नाही. तिथे "फ्रेंड्स" निवडलं की फक्त मित्रांच्या पोस्ट येतात, नवीन आधी जुनी नंतर, सजेस्टेड काही नाही (जाहिराती असतात, त्यातून सुटका नाही). फेसबुक मेनूतल्या जागा दर थोड्या महिन्यांनी हलवत असतं, त्यामुळे मी सांगतेय तिथे काही सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चच्या पट्टीत नाव टाका, हे पुढच्या सगळ्या गोष्टींना लागू.

आता या फ्रेंड्सवाल्या फीडमध्ये वरपासून खाली जात कालच्या, परवाच्या तारखेपर्यंत या, आणि बघा मित्रांनी स्वतःचं असं किती लिहिलंय. इथे दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, इथे भरपूर काही आहे पण होमवर ते दिसतच नव्हतं, म्हणजे तुमची माणसं बोलतायत, अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारं फेसबुकचं मशीन, ते तुमच्यापर्यंत आणत नाहीये, हा आजार बरा होणारा आहे. दोन, इथेही शुकशुकाट, शेअर आणि बॅनर सोडले तर काही नाही, म्हणजे माणसंच गप्प झालीत, आणि याला कुठलंही सेटिंग नाही.

तिसरी तपासणी थोडी मनाला लागणारी आहे पण करा. ज्यांच्यामुळे तुम्हाला फेसबुक आवडायचं अशी दहा नावं आठवून लिहा, आठवायला फेसबुक न उघडता. शाळेतली मैत्रीण, तो गडकिल्ल्यांवर लिहिणारा, ती परदेशातून स्वयंपाकाचे उद्योग टाकणारी, ते निवृत्त मास्तर जे कवितेवर फर्मास लिहायचे. मग एकेकाच्या प्रोफाइलवर जा आणि शेवटची स्वतः लिहिलेली पोस्ट कधीची आहे ते बघा. वाढदिवसाच्या "आभाळभर शुभेच्छा" धरायच्या नाहीत, त्या दुसऱ्यांनी भिंतीवर टाकलेल्या असतात आणि त्यामुळे कित्येक बंद पडलेली प्रोफाइल्स वर्षातून एकदा जिवंत वाटतात. दहापैकी सहा-सात जण गेल्या महिन्याभरात काही लिहितायत तर तुमचं फेसबुक ठणठणीत आहे, बाहेर कुणी काहीही म्हणो. दोन-तीनच उरलेत तर त्या दोन-तीन जणांचे नंबर घेऊन ठेवा.

आणि मग स्वतःचं. प्रोफाइलवर तीन टिंबं, त्यात "अ‍ॅक्टिव्हिटी लॉग", त्यात तुमच्या पोस्ट. आपण शेवटचं मनापासून चार ओळी कधी लिहिलं होतं? बरेच जण इथे येऊन गप्प होतात, कारण फेसबुकवर कुणी लिहीत नाही ही तक्रार करणाऱ्यानेही बऱ्याच दिवसांत लिहिलेलं नसतं.

असं का झालं, थोडक्यात

सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आलं तेव्हाही लोक चिडले होते, पण तेव्हा फीडमध्ये निदान आपल्याच लोकांच्या गोष्टी असायच्या. आपल्याकडे तेव्हा सगळे ऑर्कुट या तशाच साइटवर, मग २००९-१० च्या आसपास हळूहळू सगळं गाव फेसबुकवर आलं, आणि मराठीपुरतं बोलायचं तर एक मोठी गोष्ट झाली जी फारशी कुणी मोजत नाही, मराठी ब्लॉग लिहिणारी माणसं ब्लॉग सोडून इथे आली. कारण साधं होतं, ब्लॉगवर आठवड्यात दोन कमेंट आणि इथे पहिल्या तासात पन्नास "जमलंय", "दंडवत घ्या", "शेअर करू का?". फोनवर मराठी टायपिंग सोपं झालं तसे जे कधीच लिहिणारे नव्हते तेही लिहायला लागले, गावाकडच्या आठवणी, पाककृती, नाटकांवरची मतं, शेतीचे प्रयोग, आणि त्यातलं बरंचसं छापील मासिकांत येतं त्यापेक्षा सरस होतं असं माझं ठाम मत आहे.

मग मित्रयादीत सासरचे आले, ऑफिसातले साहेब आले, सोसायटीचे सेक्रेटरी आले, प्रत्येक वाक्य लिहिताना कोण काय म्हणेल याचा हिशेब सुरू झाला. राजकारणावरून नाती तुटली. स्क्रीनशॉट फिरायला लागले. खरं बोलणं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरकलं, जिथे निदान समोर कोण आहे ते माहीत असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप २०१४ पासून त्याच कंपनीचं, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं की आता मित्र-कुटुंबाच्या पोस्टना जास्त महत्त्व देणार, पण ज्या पोस्टवर जास्त कमेंट ती वर असा हिशेब असेल तर भांडणाची पोस्ट शांत पोस्टच्या डोक्यावर बसणारच. पुढे जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणल्या, मग त्या फेसबुकवरही आल्या, आणि अनोळखी माणसाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ ओळखीच्या माणसाच्या पाचशे शब्दांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतो हे एकदा मशीनला कळल्यावर लिहिणाऱ्याची पोस्ट कुणाला दिसेना. ज्याला दहा लाइक येतात तो दुसऱ्यांदा लिहिताना विचार करतो, तिसऱ्यांदा लिहीतच नाही.

पहिला आजार असेल तर दुरुस्ती

म्हणजे फ्रेंड्स फीडमध्ये माल होता पण होमवर येत नव्हता, अशांसाठी.

"फेव्हरिट्स" भरा. सेटिंग्जमध्ये कंटेंट प्रेफरन्सेस, काहींकडे फीड प्रेफरन्सेस असं दिसेल, तिथे ३० पर्यंत माणसं आणि पेजेस निवडता येतात आणि त्यांचं लिहिलेलं वर यायला लागतं. तीसचे तीस भरायची घाई नको, ती मघाचची दहा नावं टाका.

मग बॅनरवाले आणि सुविचारवाले. यांना अनफ्रेंड करायला जीव होत नाही कारण उद्या लग्नात भेटायचंय, तर करू नका, अनफॉलो करा. मित्रयादीत राहतात, त्यांना कळत नाही, फक्त दिसायचे बंद होतात. निवडणुकीपुरता चेकाळलेला मित्र असेल तर "स्नूझ", ३० दिवस गप्प, निकाल लागला की आपोआप परत. सजेस्टेड पोस्टवरच्या तीन टिंबांत "शो लेस" असतं, ते दाबत राहा, एकदा दाबून काही होत नाही, चिकाटी लागते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नको त्या व्हिडिओवर रागाने कमेंट करायची नाही, मशीनला तुमचा राग आणि तुमची आवड यात फरक कळत नाही.

ग्रुप मात्र नीट निवडून ठेवा. माझ्या मते आज फेसबुकवर जे काही जिवंत आहे ते ग्रुपमध्ये आहे, गच्चीवरच्या बागेचे, ट्रेकिंगचे, जुन्या नाण्यांचे, डाळिंब-द्राक्षवाल्यांचे, परदेशातल्या शहरांमधल्या मराठी मंडळांचे, जिथे "इथे पोह्यांना जाड पोहे कुठे मिळतील" ला दहा मिनिटांत उत्तर मिळतं. चांगला ग्रुप ओळखायची खूण सांगते, एखादा नवखा अगदी बाळबोध प्रश्न विचारतो तेव्हा पहिल्या पाच कमेंट बघा, टिंगल असेल तर सोडा, उत्तर असेल तर राहा. आणि ज्या ग्रुपचं नाव एका गोष्टीचं आणि आतमध्ये कर्ज मिळवून देतो, घरबसल्या कमवा, तो अ‍ॅडमिनने केव्हाच वाऱ्यावर सोडलेला असतो.

वर्षभर न लिहिलेल्या मित्राची पोस्ट दिसली तर नुसता अंगठा देऊन पुढे जाऊ नका, दोन वाक्यं लिहा. सेटिंग्जपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

काहीही ठरवा, आधी आपलं लिखाण काढून घ्या

हा भाग सगळ्यांनी करायचा, राहणाऱ्यांनीही. ऑर्कुट गूगलचं होतं, गूगल काही गरीब कंपनी नाही, तरी ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालंच. फोटो-स्क्रॅप उतरवून घ्यायला २०१६ पर्यंत मुदत दिली होती, पण ज्यांनी तेव्हा "बघू नंतर" म्हटलं त्यांची कॉलेजची वर्षं गेली ती गेलीच. आपल्या देशातलं ट्विटरसारखं कू आठवा, २०२० मध्ये आलं, मराठीतही चालायचं, मंत्रीसंत्री सगळे तिथे गेले, आणि जुलै २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. फेसबुक उद्या बंद पडेल असं अजिबात म्हणत नाहीये, पण अकाउंट हॅक होणं, चुकीच्या कारणाने ब्लॉक होणं, जुना नंबर बंद झाल्यामुळे लॉगिन न होणं हे कुणाचंही कधीही होतं, आणि तुमच्या दहा-बारा वर्षांच्या लिखाणाची दुसरी प्रत कुठेच नसते.

तर असं करा. सेटिंग्ज, मग "अकाउंट्स सेंटर", मग "युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स", तिथे माहिती डाउनलोड किंवा एक्स्पोर्ट करायचा पर्याय आहे. तारीख "ऑल टाइम" करा, नाहीतर गेल्या वर्षाचंच येतं आणि लोक म्हणतात माझं जुनं गेलं कुठे. मीडिया क्वालिटी "हाय" करा. आणि फॉरमॅट विचारेल तिथे एचटीएमएल घ्या, जेसन नको. हे मराठीत लिहिणाऱ्यांनी खास लक्षात ठेवायचं, फेसबुकच्या जेसन फाइलमध्ये देवनागरी अक्षरं नीट उतरत नाहीत, प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चमत्कारिक चिन्हं दिसतात, प्रोग्रामिंग येणारा भाचा असेल तर तो सरळ करून देईल पण कशाला तो व्याप. एचटीएमएलची फाइल उघडली की ब्राउझरमध्ये मराठी जसंच्या तसं वाचता येतं.

रिक्वेस्ट टाकली की फाइल तयार व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात, नोटिफिकेशन येतं, आणि डाउनलोडची लिंक थोडेच दिवस चालू असते, तेव्हा टाकून विसरू नका. फोटो बरेच असतील तर फाइल काही जीबींची होते, लॅपटॉपवर आणि वायफायवर उतरवा, मग पेन ड्राइव्ह नाहीतर हार्ड डिस्कवर एक प्रत. फक्त फोटोच हवे असतील तर तिथेच "ट्रान्सफर" चा पर्याय आहे, गूगल फोटोजमध्ये थेट प्रत पाठवता येते.

आता यातली मेख. तुमची पोस्ट येते, तुम्ही दुसरीकडे केलेल्या कमेंट येतात, पण तुमच्या पोस्टवर लोकांनी केलेल्या कमेंट त्या फाइलमध्ये येत नाहीत. आणि मराठी फेसबुकवर अर्धी मजा खालच्या कमेंटमध्येच असायची, एखाद्याने आजोळच्या पदार्थावर लिहिलं की खाली वीस जण आपापल्या तालुक्यातली रीत सांगायचे. अशा निवडक पोस्ट कम्प्युटरवर उघडा, सगळ्या कमेंट क्लिक करून उलगडा, आणि प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ करा. कंटाळवाणं काम आहे, सगळ्यांचं करू नका, वीस-पंचवीस पोस्ट निवडा. लाइव्ह करणारे कुणी असाल तर तुमच्यासाठी वेगळी सूचना, फेब्रुवारी २०२५ पासून लाइव्ह व्हिडिओ फक्त ३० दिवस ठेवतात, मग काढून टाकतात, म्हणजे गणपतीतलं भजन किंवा कवी संमेलन लाइव्ह केलं तर त्याच आठवड्यात उतरवून घ्या.

लिखाण उतरवल्यावर ते ठेवायचं कुठे हा पुढचा प्रश्न. ब्लॉग उघडा, साधा, फुकटातला चालेल. फेसबुकवर २०१३ सालची पोस्ट शोधून दाखवा म्हटलं तर लिहिणाऱ्यालाही सापडत नाही, ब्लॉगवरची गूगलला सापडते. मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून चालू आहे आणि तिथले जुने धागे आजही उघडतात, वाचता येतात, यातच काय ते आलं.

सोडायचंच ठरलं असेल तर

डीअ‍ॅक्टिव्हेट आणि डिलीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे दार लावून घेणं, प्रोफाइल लोकांना दिसत नाही, मेसेंजर हवं तर चालू ठेवता येतं, आणि पुन्हा लॉगिन केलं की सगळं जागच्या जागी. डिलीट म्हणजे कायमचं, त्याला ३० दिवसांची मुदत असते, त्या काळात लॉगिन करून रद्द करता येतं, त्यानंतर नाही, आणि त्यांच्या सर्व्हरवरून सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात असं ते सांगतात. ज्यांना नक्की माहीत नाही त्यांनी आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करून दोन-तीन महिने काढावेत, करमत नसेल तर कळेलच.

डिलीट करण्याआधी दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, तुम्ही एखाद्या पेजचे एकटेच अ‍ॅडमिन असाल, मंडळाचं पेज, शाळेच्या बॅचचं, दुकानाचं, तर आधी दुसऱ्या कुणाला पूर्ण अधिकार द्या, नाहीतर तुमच्याबरोबर पेजही जाईल आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर मंडळाची पोरं तुमच्या दारात. दुसरी, "लॉगिन विथ फेसबुक" करून उघडलेली बाकीची अ‍ॅप्स, गेम्स, शॉपिंगच्या साइट्स, सेटिंग्जमध्ये "अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स" मध्ये यादी मिळते, त्या प्रत्येकात जाऊन ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे काहीच न करता अकाउंट तसंच टाकून देणं, आणि बहुतेक लोक नेमकं तेच करतात. वर्षानुवर्षं न बघितलेलं अकाउंट, पासवर्ड नाव आणि जन्मसाल, मित्रयादी सगळ्यांना उघडी, हे चोरांना आयतं मिळतं. मग तुमच्या नावाने, तुमच्या फोटोने तुमच्या मित्रांना मेसेज जातो, "अर्जंट पैसे लागतायत, संध्याकाळी परत करतो", किंवा तो प्रसिद्ध प्रकार, माझ्या ओळखीच्या सीआरपीएफ अधिकाऱ्याची बदली झालीय, फ्रिज-सोफा-टीव्ही अगदी स्वस्तात देतोय, नंबर देऊ का? लोक फसतात कारण मेसेज ओळखीच्या नावाने आलेला असतो. म्हणून वापरत नसाल तरी टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोडही लागतो) लावा, मित्रयादी "ओन्ली मी" करा, जुन्या पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या करायला "लिमिट पास्ट पोस्ट्स" आहे ते वापरा. आणि कुणाचे पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवता यायची शक्यता असते.

आईबाबांचं अकाउंट

यांच्या बाबतीत आपलं मत लादू नका. आपल्याला कंटाळा आलाय म्हणून त्यांना आलाय असं नाही. साठी-सत्तरीतल्या कित्येकांसाठी फेसबुक आत्ता कुठे रंगात आलंय, जुने सहकारी सापडलेत, नातवंडांचे फोटो दिसतात, अभंग ऐकायला मिळतात. तेव्हा "ते डिलीट करा हो" म्हणण्यापेक्षा एक दिवस शेजारी बसून वरची ५० पोस्टची मोजणी त्यांच्या फोनवर करा, त्यांचा चौथा रकाना बघून तुम्हालाच घाम फुटेल. गुडघेदुखीचं तेल, शेअर मार्केटचे टिप्सवाले, आणि एआयने बनवलेले ते फोटो, बाटल्यांपासून केलेला गणपती, शेजारी सहा बोटांचं गरीब पोर, "माझ्या कलेला कुणी दाद देत नाही". खाली हजारो "अप्रतिम बाळा, देव तुझं भलं करो". हसू नका, प्रेमानेच लिहिलेलं असतं ते. फक्त एवढं दाखवा की बोटं मोज, पाटीवरची अक्षरं वाचून बघ, आणि अशी पेजेस ब्लॉक करायला शिकवा, कारण आज दाद मागणारं पेज उद्या दुसरंच काही विकायला लागतं.

त्यांच्या अकाउंटला लॉक लावा, टू-फॅक्टर लावा, आणि विषय काढायला अवघड असला तरी "लेगसी कॉन्टॅक्ट" भरून घ्या. माणूस गेल्यावर अकाउंट स्मृती म्हणून ठेवायचं असेल तर ते बघायला कोण, हे आधी लिहून ठेवायची ती सोय आहे. नाहीतर गेलेल्या माणसाला दरवर्षी वाढदिवसाच्या शुभेच्छा येत राहतात आणि घरच्यांना दरवर्षी त्या वाचाव्या लागतात.

निरोपाची पोस्ट लिहिणार असाल तर छोटी लिहा, समाजमाध्यमांच्या ऱ्हासावर निबंध नको, असे निबंध लिहिणारे आठ दिवसांत परत येतात हे सगळ्यांना माहीत आहे. ईमेल किंवा ब्लॉगचा पत्ता द्या, फोन नंबर जाहीर टाकू नका, तो ज्यांना द्यायचा त्यांना मेसेज करून द्या. पोस्ट आठ-दहा दिवस वर राहू द्या कारण तुमच्या मित्रांनाही ती लगेच दिसणार नाहीये, कारण वर सांगितलंच. मग डिलीटचं बटण दाबा, आणि फोनमधून अ‍ॅपही काढा, नाहीतर सवयीने बोट तिथेच जातं, लॉगिन होतं, आणि "कॅन्सल डिलीशन" समोर दिसलं की भलेभले पाघळतात.